उत्तरेची शीर

लॉर्ना पेंगिली पबमध्ये शिरली की आधी तिच्या खिशांकडे बघायचं आणि मग तोंडाकडे, असं मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं होतं. शर्टाचे दोन्ही खिसे दगडांनी लोंबत असले तर बाईचा दिवस चांगला गेला, आज ती तळलेल्या मांसाचं श्निट्झेल मागणार आणि वर बिअर घेणार. खिसे सपाट असले तर नुसता चहा. दगड ती माझ्या नुकत्याच पुसलेल्या काउंटरवर मांडायची, एकेकाला जीभ लावून ओलं करायची आणि डोळ्याला बारकं भिंग लावून बघत बसायची. एखादं नवीन गिऱ्हाईक शेजारी असलं तर ते आपला ग्लास हळूच लांब सरकवायचं.

"लॉर्ना, बाई, जेवायला घालते ना गं मी तुला?" मी म्हणायचे.

"घालतेस. पण ह्या दगडांत मीठ बेताचं असतं," ती म्हणायची.

मी नोलीन. विल्गा टँक गावातला एकुलता एक पब माझा. तांब्याची खाण बंद पडल्यावर मी ह्या गावात लग्न करून आले, म्हणजे पोरं गाव सोडून चालली होती तेव्हा मी सामान घेऊन आत येत होते, इतकी माझी अक्कल. नवरा लवकर वारला. पब आणि सासरा एवढं माझ्या पदरात पडलं. सासऱ्याचं नाव क्लॅरी. खाणीत काम केलेल्यांपैकी गावात उरलेला तो एकटाच. सकाळी उठून दाढी करायची, कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायचं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला नावं ठेवायची, हा त्याचा रोजगार.

लॉर्ना ह्याच गावची. इथंच जन्मली, शाळेसाठी डब्बो शहरात वसतिगृहात गेली, आणि पुढं सरकारच्या भूगर्भ खात्यात लागली. काम जन्मभर एकच, चालायचं आणि नकाशा काढायचा. लोकांना वाटतं, एवढ्या जुन्या खाणींच्या मुलखात आता शोधायचं काय राहिलंय? पण जुन्या लोकांनी जिथं दगड हिरवा दिसला तिथंच खणलं. दोन खाणींच्या मध्ये मैलोगणती नुसती लाल माती, मल्गाची झुडपं आणि बकऱ्या. त्या मातीखाली काय आहे हे ठरवायचं तर चुकूनमाकून जमिनीबाहेर डोकं काढलेला प्रत्येक खडक पायी जाऊन बघावा लागतो. सरकार असा नकाशा करून देतं, आणि कंपन्या तो बघून जमिनीत तपासणीची भोकं कुठं पाडायची ते ठरवतात. आमच्या भागाचं काम निघालं तेव्हा लॉर्नानं ते मागून घेतलं आणि माझ्या मागच्या खोलीत राहायला आली.

स्वभावानं साधी, पण एका बाबतीत बाई मोठी खाष्ट होती. नकाशावरची रेघ. जे डोळ्यांनी पाहिलं ते अखंड रेघेनं दाखवायचं आणि जे अंदाजानं ताडलं ते तुटक रेघेनं, असा ह्या लोकांचा नियम आहे. हाताखाली शिकायला आलेल्या एका पदवीधर पोरीला तिनं माझ्यासमोर, चिप्स खाता खाता, रडवलं होतं.

"ही अखंड रेघ कशी काय?"

"म्हणजे, दोन्ही बाजूंना खडक दिसतो ना. मध्ये तो असणारच."

"तू पाहिलास?"

"नाही, पण..."

"मग तोड ती रेघ. कुणीतरी तुझ्या रेघेवर विश्वास ठेवून भोक पाडतं, कळलं का? तुझ्या अक्कलहुशारीवर नाही पाडत."

पोर डोळे पुसत खोलीत निघून गेली. मी लॉर्नाला म्हटलं, जरा गोड बोलली असतीस तर तुझं काही गेलं नसतं. ती म्हणाली, "गोड बोलणारे नकाशे मी पुष्कळ बघितलेत."

आता तिच्या बापाबद्दल सांगते, कारण त्याच्याशिवाय ही गोष्ट होत नाही. हेडली पेंगिली. खाणीत सुरुंगाची छिद्रं पाडायचं काम करायचा. खाणीतली तांब्याची शीर उत्तरेकडे खडकातल्या एका चिरेपाशी येऊन तुटली होती आणि साहेब लोकांच्या मते तिथंच ती संपली होती. हेडलीचं म्हणणं, संपली नाही, सरकली आहे. पलीकडच्या उत्तर कड्याखाली ती पुन्हा सापडणार. हे त्यानं साहेबांना सांगितलं, साहेब हसले. मग त्यानं पबमध्ये सांगितलं आणि सगळे हसले. तेव्हापासून त्याचं नाव 'उत्तरवाला' पडलं. "काय उत्तरवाले, वारा कुठला?" असं विचारायचं आणि तो चिडून बोलायला लागला की मजा बघायची. लॉर्ना लहानपणी दुकानात पाव आणायला गेली तर दुकानदारसुद्धा म्हणायचा, "उत्तरेच्या पोरीला आधी द्या रे." हेडली तसाच म्हातारा झाला आणि तसाच मेला. कंपनीनं उत्तर कड्यावर एक भोकसुद्धा पाडलं नाही.

तर त्या हंगामाच्या शेवटच्या आठवड्यात, ऊन असं की बकऱ्यासुद्धा टाकीच्या सावलीतून हलत नव्हत्या, लॉर्ना दुपारीच परत आली. खिसे फुगलेले, पण तिनं दगड मांडले नाहीत. एकच काढला आणि काउंटरवर ठेवला. तपकिरी, भोकाभोकांचा, एका अंगाला हिरवी झाक. तांब्याच्या शिरेचं वरचं टोक हजारो वर्षं उन्हापावसात गंजलं की असा दगड तयार होतो. खाणवाले त्याला लोखंडी टोपी म्हणतात. टोपी दिसली की खाली डोकं असणार, असा हिशेब.

"कुठं मिळाली?" मी विचारलं.

"उत्तर कड्यावर." तिनं दगड माझ्याकडे सरकवला. "एक नाही नोलीन, ओळ आहे. मातीतून डोकी काढून बसलेत. सरळ शिरेच्या दिशेनं."

क्लॅरीनं कोपऱ्यात ग्लास खाली ठेवला. मला वाटलं, म्हाताऱ्याला हेडली आठवला.

पुढल्या वर्षी नकाशा छापून आला. तिनं एक प्रत मला दिली आणि मी ती डार्टबोर्डशेजारी लावली. उत्तर कड्यावर तांबड्या खुणांची एक छोटीशी ओळ आणि शेजारून जाणारी काळी रेघ, अखंड. ज्या लोकांना कधी औषधाच्या बाटलीवरचं वाचता आलं नाही ते चष्मे लावून नकाशा वाचायला लागले. घरांपुढच्या 'विकणे आहे' च्या पाट्या दोन-तीन ठिकाणी उतरल्या. आणि मग कुणाच्या तरी मनात आलं की हेडलीची आपण माफी मागायला हवी. पितळेची पाटी करून आणली, 'हेडली पेंगिली. तो बरोबर होता.' हेडली जिथं बसायचा त्या जागेवर भिंतीला ती ठोकली.

हेडलीबरोबर काम केलेला क्लॅरी एकटाच, म्हणून बोलायला त्याला उभं केलं. इतर वेळी ज्याचं तोंड बंद होत नाही तो माणूस "हेडली, गड्या..." एवढं म्हणाला आणि रडायलाच लागला. ते बघून आम्ही सगळेच रडलो. लॉर्नानं त्याच्या खांद्याभोवती हात टाकला आणि म्हणाली, "असू दे क्लॅरी. बाबाला पोचलं." तो तिचा हात झटकून बाहेर गेला. मोठ्या मनाचा आहे हो म्हातारा, असं लोक म्हणाले. मीही म्हणाले.

कंपनी आली. त्यांचा माणूस ब्रेट फरूजिया, चाळिशीचा, सभ्य, बिअरपेक्षा लिंबूपाणी पिणारा. त्यांनी कड्यावरची माती तपासली, मातीत तांबं निघालं. माझ्या सगळ्या खोल्या भरल्या आणि मी नव्या चादरी घेतल्या. भोक पाडायचं यंत्र ट्रकवरून गावात आलं तेव्हा लोक दारात उभे राहून हात हलवत होते.

यंत्र कड्यावर चढवायचं तर आधी बुलडोझरनं वाट करायला हवी. ब्रेटनं लॉर्नाला मुद्दाम बोलावून घेतलं, शीर तिनं शोधली तर पहिल्या भोकाची खूणही तिनंच करावी म्हणून. सकाळी ती हसत गेली. बापाची जुनी टोपी घालून गेली होती.

दुपारी ती मागच्या दारानं थेट स्वयंपाकघरात आली. मी बीट कापत होते. खिसे सपाट होते. मी किटली ठेवली.

"नोलीन," ती म्हणाली, "दार लाव."

मी दार लावलं. ती बसली नाही.

"बुलडोझरचं पातं लागून ओळीतला शेवटचा दगड उलटला. सगळ्यात मोठा. मुळाशी घट्ट असायला हवा होता तो. बटाट्यासारखा निघाला. खाली नुसती माती. आणि पोटाला खाच, गोल, हातभर लांब. बोट घातलं तर बरोबर बसलं."

"म्हणजे काय?"

"सुरुंगाच्या छिद्राची खाच गं! जमिनीच्या खालचा दगड आहे तो. खाणीतून फोडून काढलेला. कुणीतरी तिथं नेऊन ठेवला."

"एखादा असेल."

"मग मी बाकीचेही हलवून पाहिले. सगळे तसेच." मग ती खुर्चीत बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. हातांमागून बोलत राहिली. "मला तेव्हाच कळायला हवं होतं. दगडांचे पदर एका दिशेला आणि आजूबाजूच्या खडकाचे दुसऱ्या. जुळत नव्हते. कुठल्याही पोराला शंका आली असती. मी काय केलं माहितीये? मध्ये एक चीर आहे असं धरलं. चिरेनं दगड वळले असतील म्हटलं. नसलेली चीर मी नकाशावर ओढली, नोलीन. अखंड."

"दगड उलटून का नाही बघितलास?"

ती तसंच तोंड झाकून मग म्हणाली, "बघायचं नव्हतं म्हणून."

"मग मातीत तांबं कसं निघालं?"

"तांबं वितळवायच्या जुन्या भट्टीचा धूर वर्षानुवर्षं त्याच कड्यावर बसायचा. निघणारच. तेही मला माहीत होतं."

मला तिची कीव आली आणि रागही आला. राग जास्त, खरं सांगते. माझ्या नव्या चादरी माझ्या डोळ्यांपुढं आल्या. मी म्हटलं, "ब्रेटला दिसलं?"

"नाही. तो खाली होता. बुलडोझरवाल्याला काय कळतंय? दगड उलटला, त्यानं बाजूला ढकलला."

"मग गप्प बस. दहातली नऊ भोकं रिकामीच निघतात, तूच सांगतेस. हेही निघेल. कोण तुला विचारणार आहे? यंत्र परत जाईल, लोक म्हणतील नशीब. तुझ्या बापाची पाटी राहील भिंतीवर."

तिनं हात खाली घेतले आणि माझ्याकडे बघितलं. तिचं तोंड कसं झालं होतं ते मी सांगू शकत नाही. "त्या पोरीला मी चिप्स खाता खाता रडवलं होतं," ती म्हणाली. "आठवतं?"

मोबाईल आमच्याकडे धड लागत नाही. तिनं माझ्या भिंतीवरच्या फोनवरून आधी आपल्या ऑफिसला आणि मग ब्रेटच्या कामाच्या तळावर फोन केला. मी बीट कापत राहिले. ती फार थोडं बोलली. "नकाशा चुकला आहे. माझी चूक आहे. नाही, दुसऱ्या कुणाची नाही." फोन ठेवून ती भिंतीला कपाळ लावून उभी राहिली.

"ओरडला का?" मी विचारलं.

"नाही. आभार मानले माझे. ओरडला असता तर बरं झालं असतं."

तेवढ्यावर भागलं असतं. कंपनी काय ते कारण देऊन निघून गेली असती. पण लॉर्नाचं म्हणणं, गावाला मी सांगणार, माझ्या तोंडानं. शुक्रवारी तिकिटं विकून मांसाच्या ट्रेची सोडत असते, त्या दिवशी सगळं गाव पबमध्ये असतं. मी सोडतीचे नंबर पुकारायला माइक हातात घेतला तशी ती उठली आणि तो माझ्याकडून मागून घेतला. लोकांनी टाळ्या वाजवल्या! त्यांना वाटलं, पहिल्या भोकाची बातमी आहे.

तिनं सांगितलं. कड्यावरचे दगड खाणीतले आहेत, उलटलेल्या मोठ्या दगडाला सुरुंगाच्या छिद्राची खाच आहे, कुणीतरी ते नेऊन ठेवलेत. ते मी तपासायला हवे होते, तपासले नाहीत. कंपनी उद्या जाते आहे. मला माफ करा. एवढंच. बापाचं नाव तिनं घेतलं नाही.

डार्टबोर्डजवळून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे तिथं काहीच नाही?"

"आहे की नाही ते मला माहीत नाही. मी जे दाखवलं ते नाही."

"मग ही पाटी?"

मागून एक आवाज आला, "काय उत्तरवाले, वारा कुठला?" आणि दोघं-तिघं हसले. फार नाही, दोघं-तिघंच. पण ती खोली मला माझी वाटेना, इतकी मला त्यांची शरम वाटली. मी क्लॅरीकडे बघितलं. हेडलीबद्दल कुणी वावगं बोललं तर हा उठून भांडेल असं मला वाटलं होतं. तो ग्लासात बघत होता.

आणि मग देवाला आणखी थट्टा सुचली. मी घाईघाईनं सोडत उरकायला घेतली, डब्यातून चिठ्ठी काढली, नंबर पुकारला. कुणी उठेना. पुन्हा पुकारला. लॉर्नानं खिशातून तिकीट काढून बघितलं आणि मला वाटलं, आता हिनं ते चुरगळून टाकावं. पण ती कसली टाकते. टेबलांमधून चालत ती माझ्यापर्यंत आली, कुणाची खुर्ची पुरेशी सरकली नाही, तिला आडवं होऊन यावं लागलं. मी तिच्या हातात चॉप्स आणि सॉसेजचा तो ट्रे दिला. प्लॅस्टिकच्या कागदाचा आवाज सगळ्या खोलीत ऐकू येत होता. तो ट्रे हातात धरून ती पुन्हा तेवढं सगळं अंतर चालून गेली.

शनिवारी सकाळी क्लॅरीनं टोस्टला हात लावला नाही. दाढी केली नव्हती. मी ताट उचलायला गेले तर म्हणाला, "ती गेली का?"

"सामान भरतेय. का? जाऊन निरोप घ्यायचाय? काल तर तोंड उघडवलं नाही तुला."

"मला माहीत होतं," तो म्हणाला.

"काय माहीत होतं?"

"दगड."

मी ताट खाली ठेवलं. आधी मला समजेचना. मग त्यानं सांगितलं, टेबलाच्या कडेवरून नख फिरवत. खाणीची दर वर्षी सहल असायची, उत्तर कड्याच्या पायथ्याशी, बायकापोरांसकट. बिअर संपत आली की कुणीतरी म्हणायचं, चला रे, उत्तरवाल्याची शीर वाढवून येऊ. खाणीच्या वरच्या जुन्या मजल्यावरचा एक गंजका दगड आदल्या दिवशीच बाजूला काढून ठेवलेला असायचा. तो हातगाडीवर घालायचा, गात गात कड्यावर न्यायचा आणि अर्धा पुरायचा. बायकापोरांना वर यायची बंदी.

"अगदी शिरेच्या ओळीत पुरायचो," क्लॅरी म्हणाला. "खाणवाले आम्ही. ओळ चुकेल होय?" आणि क्षणभर, देवाशपथ, त्याच्या तोंडावर अभिमान आला. मग तो गेला.

"आणि तू वर्षभर गप्प बसलास? तिनं दगड इथं काउंटरवर ठेवला तेव्हा तू तिथं बसला होतास!"

"ती इतकी खूश होती गं. काय सांगू तिला, तुझ्या बापाच्या तोंडाला काळं फासायला आम्ही ठेवलेत म्हणून? म्हटलं, उद्या सांगू. मग नकाशाच छापून आला."

"आणि पाटीच्या दिवशी?"

"त्या दिवशी जमिनीनं पोटात घ्यावंसं वाटलं."

"काल तरी उठायचंस! ती एकटी उभी होती तिथं!"

मी त्याला आजवर बोलले नाही असं बोलले, आता ते इथं लिहीत नाही. शेवटी म्हटलं, "तू सांगतोस की मी सांगू?"

तेवढ्यात लॉर्नाच आत आली. तिच्या हातात स्क्रूड्रायव्हर होता. आम्हा दोघांकडे न बघता ती पाटीपाशी गेली आणि स्टूल ओढून त्यावर चढायला लागली.

"राहू दे ना गं," मी म्हटलं. "तुझ्या बापाची आहे."

"तो बरोबर होता की नाही हे कुणी पाहिलेलं नाही."

क्लॅरी उठला. टेबलाला धरून, खुर्चीला धरून तिच्यापर्यंत गेला आणि खाली उभा राहून, तिच्या बुटांकडे बघत, त्यानं सगळं सांगितलं. मला सांगितलं त्यापेक्षा थोडक्यात. ती स्टुलावर तशीच उभी राहिली.

"गात वर जायचात ते मला आठवतं," ती म्हणाली. "मला वाटायचं, आमच्या बाबाला सोडून पार्टी करता. मी त्याला म्हणायचे, तूही जा ना."

क्लॅरीनं घसा खाकरला. "गेला एकदा."

"कोण?"

"हेडली. शेवटच्या सहलीला. तू तेव्हा डब्बोला होतीस. आम्ही दगड काढायच्या आधीच तो स्वतःचा दगड घेऊन आला. सगळ्यांत मोठा. म्हणाला, माझी शीर तुम्हीच किती दिवस घालणार, मीही हातभार लावतो. आमच्याबरोबर वर आला. गायलाही. आम्ही इतके हसलो की..." त्यानं वाक्य सोडून दिलं. "त्या उलटलेल्या दगडाला खाच होती म्हणालीस ना?"

"हो."

"मग तो त्याचाच. छिद्र त्यानं पाडलेलं. त्या पाळीला त्याच्याशिवाय कुणी छिद्रं पाडत नव्हतं."

लॉर्ना आपल्या उजव्या हाताच्या बोटाकडे बघायला लागली, खाचेत घातलं होतं त्या. मी दुसरीकडे तोंड फिरवलं.

"तो हसला होता?" तिनं विचारलं.

"हो. आमच्याबरोबर हसला."

"आणि नंतर?"

"नंतर महिनाभर पबमध्ये आला नाही," क्लॅरी म्हणाला. "आम्ही कुणी बोलवायलाही गेलो नाही."

ती वळली आणि पाटीचे स्क्रू काढायला लागली. क्लॅरीनं खालून हात पसरला. एकेक स्क्रू निघाला तसा तिनं तो त्याच्या तळहातावर ठेवला, त्याच्याकडे न बघता, आणि पाटी काखेत मारून गाडीकडे गेली. मी तिला चॉप्सचा ट्रे बर्फात घालून दिला. ती नको म्हणाली. मग घेतला.

यंत्र गेलं, ब्रेट गेला, पाट्या पुन्हा घरांपुढं लागल्या. मला सगळ्यात जास्त जे लागतं ते हे, की हेडली कदाचित बरोबरही असेल. त्या कड्याखाली खरोखर तांबं असेल. पण एकदा जिथं तोंडघशी पडलो त्या जागी आता कोण भोक पाडणार? आमच्या लोकांच्या त्या थट्टेनं ती जागा कायमची बंद करून टाकली आणि लॉर्नानं ते सगळं आपल्या एकटीच्या अंगावर घेतलं. तिच्या ऑफिसनं तिला काढलं नाही. पण पुन्हा ती आमच्या बाजूला आली नाही.

दुरुस्त केलेला नकाशा मात्र तिनं पाठवला, गुंडाळी करून, माझ्या नावानं. मी जुना काढला आणि नवा लावला. तांबड्या खुणा गेल्या होत्या, ती नसलेली चीरही गेली होती. क्लॅरी स्टुलावरून उठून आला, चष्मा लावला आणि उत्तर कड्यावर बोट ठेवून बराच वेळ उभा राहिला. तिथं काहीच नव्हतं, कोरा कागद.

"नोलीन," तो म्हणाला, "एक तुटक रेघ तरी ओढायची होती गं तिनं. बापासाठी."

"फोन तिथं आहे," मी म्हटलं. "तू सांग तिला."

त्यानं फोनकडे बघितलं. मग चष्मा काढला, खिशात ठेवला आणि आपल्या स्टुलावर जाऊन बसला.